इतक्या डिस्ट्रो कशाला, एकच करा की!

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी हा विषय उकरून काढतंच. लिनक्सच्या एवढ्या शेकडो डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सवर बनवलेल्या वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीम), वर बीएसडीवाल्यांची (युनिक्सच्या घराण्यातल्या दुसऱ्या फुकट सिस्टीमवाल्यांची) वेगळी चूल, सगळ्यांनी मिळून एकच भारी सिस्टीम बनवली तर विंडोजची सुट्टी होईल वगैरे. मी पण आधी हेच म्हणायचो, आता नाही म्हणत.

कारण हे सगळं बनवणारी माणसं काय कुणाच्या पगारावर नाहीत सगळी. बरेच जण हौसेने फुकट काम करतात, त्यांचा प्रोजेक्ट बंद केला म्हणून ते गपगुमान शेजारच्या प्रोजेक्टमध्ये जाऊन बसतील असं थोडंच आहे, निम्मे तर कोडिंगच सोडून देतील. आणि भांडून वेगळं झालेल्यांनी कधीकधी काय कमाल केलीय बघा. थिओ द राट हा नेटबीएसडी या बीएसडी सिस्टीमचा एक प्रोग्रामर, त्याचं तिथल्या लोकांशी फाटलं, त्याने १९९५ मध्ये ओपनबीएसडी ही वेगळी सिस्टीम काढली, आणि तिथूनच १९९९ मध्ये ओपनएसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं टूल) आलं जे आज लिनक्सवाले, मॅकवाले सगळेच वापरतात. तेव्हा कुणी मध्ये पडून त्यांचं पॅचअप करून दिलं असतं तर?

जीसीसीचं (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर) तर अजून मजेशीर. १९९७ मध्ये काम फार हळू चाललंय म्हणून वैतागून काही जणांनी ईजीसीएस नावाचा फोर्क (त्याच कोडची वेगळी आवृत्ती) काढला, तो इतका पुढे गेला की १९९९ मध्ये त्यालाच अधिकृत जीसीसी करून टाकलं. एकत्र आले, पण आधी वेगळे झाले म्हणून!

उलट वरून ठरवून केलेली मोट म्हणजे युनायटेडलिनक्स. २००२ मध्ये सुसे, टर्बोलिनक्स, कोनेक्टिव्हा आणि कॅल्डेरा (म्हणजे नंतरची एससीओ) अशा चार लिनक्स कंपन्या एक सामायिक डिस्ट्रो काढायला एकत्र आल्या, आणि २००३ मध्ये त्यातल्याच एससीओने लिनक्सवरून आयबीएमला कोर्टात खेचलं. संपला विषय.

पण एका बाबतीत मात्र माझं डोकं अजूनही फिरतं, ते म्हणजे पॅकेजिंग, म्हणजे प्रोग्राम प्रत्येक डिस्ट्रोत इन्स्टॉल होईल असा बांधून देणं. माझं एक छोटंसं टूल आहे, दोन-तीनशे ओळींचं, त्याला ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) लागते. आता तीच लायब्ररी डेबियन या डिस्ट्रोमध्ये 'लिबएसएसएल-डेव्ह', फेडोरात 'ओपनएसएसएल-डेव्हल', आर्चमध्ये नुसतं 'ओपनएसएसएल'. लायब्ररी तीच हो! टूल लिहायला एक रविवार गेला आणि पॅकेजेस बनवण्यात पुढचे तीन. ही कसली विविधता, ही नुसती हमाली. डेस्कटॉप शंभर ठेवा, पण निदान हे खालचं प्लंबिंग तरी एक करा ना राव.

तर त्यावर उपाय म्हणून काय आलं? फ्लॅटपॅक, स्नॅप आणि अ‍ॅपइमेज. एकच पॅकेज सगळीकडे चालावं म्हणून तीन वेगवेगळे फॉरमॅट 😂

मी सध्या फक्त फ्लॅटपॅक देतो, बाकीच्यांसाठी सोर्स टाकून ठेवलाय, ज्याला हवंय त्याने आपलं आपलं कंपाईल करून घ्यावं.