फियाटसाठी गिअरबॉक्स बघताय? आधी हे वाचा

जुन्या फियाटचा गिअरबॉक्स पाहिजे म्हणून कुठंही फोन लावा, समोरचा साल विचारणार आणि साल सांगितलं की म्हणणार "चालतंय की, सगळ्या फियाटला एकच बॉक्स." हे ऐकलं की सावध व्हायचं. आमची फियाट डिलाईट १९६८ ची, चुलत्यांनी हौसेनं सांभाळलेली, आता माझ्याकडं आलीय, आणि गेल्या पावसाळ्यापासनं तिचा दुसरा गिअर सुटायला लागला होता. म्हणजे गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरताना एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी दाबून धरायची, सोडली की खटकन न्यूट्रल, आणि मग गाडी नुसती ब्रेकवर. शेजारी बायको असली की ती दांडी धरायची, तिला त्याची एवढी सवय झाली की गाडीत बसली की हात आपोआप तिकडंच जायचा.

मिस्त्रींनी बॉक्स खोलला तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी पितळी रिंग) गुळगुळीत, गिअरचे बारके दात गोल झालेले, आणि खालच्या क्लस्टरचे दोन दात तुटलेले. तिथंच खरा घोळ. नुसती रिंग असती तर बदलून मोकळे झालो असतो.

आता तुम्ही म्हणाल कोल्हापुरात राहून गिअर मिळंना म्हणजे काय, उद्यमनगरात काय बनत नाही! बनतं, शंभर टक्के बनतं. सँपल दिलं की हॉबिंगवर दात पाडून, हीट ट्रीटमेंट करून गिअर हातात देणारी माणसं तिथं आहेत, आणि काम चोख असतं. पण फियाटचं क्लस्टर म्हणजे एकाच तुकड्यात वेगवेगळ्या मापाचे गिअर, त्यातले तिरप्या दाताचे, आणि एक नग करायचा तरी सेटिंग तेवढंच लागतं. शिवाय नवीन गिअर जुन्या झिजलेल्या जोडीदाराबरोबर फिरवला की तो रडणार म्हणजे रडणार, मग वरचा पण करा, म्हणजे खर्च दुप्पट. मिस्त्री सरळ म्हणाले, "दादा, चालू बॉक्स बघा कुठंतरी. नाही जमलं तर मग बनवू."

मग शोधाशोध सुरू झाली आणि पहिलाच बॉक्स मिळाला तो फ्लोअर गिअरचा, म्हणजे दांडी स्टिअरिंगजवळ नाही, खालनं वर येणारी. शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना (पद्मिनी म्हणजे आपल्या फियाटचंच नंतरचं नाव) निस्सानचा फ्लोअर गिअर आला होता, प्रीमिअरच्या ११८ एनई गाडीला तर पहिल्यापासनं तोच, कारण त्या गाडीत इंजिनच निस्सानचं १,१७१ सीसीचं, आमचं फियाटचं १,०८९. विकणारा म्हणाला बसवून देतो. बसतो हो, बसवायला काय! पण टनेल (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) कापा, खालची माऊंटिंग बदला, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी जुळवा, आणि दांडी मधून वर आली की पुढची अख्खी सीट गेली, जिच्यावर आम्ही तिघं बसून जोतिबाला जायचो. त्यात अजून एक. सरकारनं २०२१ ला जो नियम काढला त्यात पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज धरतात, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिनला हात लावलेला चालत नाही. टनेल कापणं बॉडीत येतं का नाही यावर ऑफिसात वाद घालत बसायची माझी तयारी नाही. (रॅलीवाली मंडळी १९६८ च्या गाडीला व्हिंटेज म्हणतच नाहीत, नाक मुरडतात. मुरडू देत.)

दुसरा पर्याय मुंबईच्या टॅक्सीचे बॉक्स. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरनं कायमची गेली, त्याच्या आधीपासनंच टॅक्सी भंगारात निघत होत्या, त्यामुळं हँड गिअरचे, म्हणजे आमच्यासारखे स्टिअरिंगजवळच्या दांडीचे, बॉक्स तिकडं मिळतात. पण टॅक्सी म्हणजे दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. जो गिअर आमचा गेलाय तोच त्यांचा सगळ्यात जास्त झिजलेला असणार, मग घेऊन उपयोग काय? माझं मत, वर्षानुवर्षं अंगणात पडून राहिलेल्या घरगुती गाडीचा बॉक्स टॅक्सीपेक्षा कधीही बरा, वरनं गंजका दिसला तरी.

तसा शेवटी मिरजेकडं मिळाला. घेताना मिस्त्रींना बरोबर नेलं आणि आमची जुनी क्लच प्लेट पण पिशवीत घेतली, हे मात्र प्रत्येकानं करावं. क्लच शाफ्टवर आपली प्लेट सरकवून बघायची, अडकली किंवा हलली तर बॉक्स तिथंच ठेवायचा. मग बेल हाऊसिंगची (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाची) भोकं, प्रॉपेलर शाफ्ट जिथं जोडतात ती मागची फ्लँज, आणि स्टिअरिंगकडनं येणारे रॉड ज्यांना लागतात ती बाहेरची लिव्हर, सगळं आपल्या गाडीच्या फोटोशी ताडून बघायचं. चौथ्यात टाकून शाफ्ट हातानं एक फेरा फिरवला तर मागची फ्लँज पण बरोबर एकच फेरा फिरली पाहिजे, कारण चौथा डायरेक्ट असतो. खालच्या गिअरात फ्लँज कमी फिरते, ते फिरवताना कुठं अडखळतंय का ते बोटाला कळतं. ऑईलचा नट सोडून खाली ताटली धरायची. थोडी पिवळी चमक म्हणजे रिंगची झीज, ती चालते, पण लोखंडाचे तुकडे आले की नमस्कार करून निघायचं. भंगारवाला म्हणाला, "एवढं तर पोरगी बघताना पण बघत नाहीत!" मिस्त्री हसले नाहीत, ताटलीतच बघत होते.

पहिल्याला सिंक्रो नसतो, त्यामुळं त्यात खर्रर्र झालं म्हणून भाव पाडायला जाऊ नका, गाडी थांबवूनच टाकायचा असतो तो.

आणि बसवल्यावर ऑईल. दुकानदार ९० नंबर मागितलं की बऱ्याचदा जीएल-५ ग्रेडचं काढून देतो, ते डिफरेन्शियलला ठीक, पण त्यातलं केमिकल पितळी रिंगांना खातं, तेव्हा डब्यावर जीएल-४ वाचूनच घ्या.

आमचा जुना बॉक्स टाकलेला नाही, त्याचा तिसरा-चौथा आणि केसिंग एकदम चांगलं आहे, स्पेअरला राहील. बायकोचा हात आता मोकळा झाला. फक्त स्पीडोमीटरचा काटा थरथरतोय, नव्या बॉक्समधला त्याचा बारका गिअर खाल्लाय, जुन्यातला काढून घालायचं काम मिस्त्री दिवाळीनंतर करतो म्हणालेत, तोवर पोराच्या मोबाईलवर स्पीड बघून चालवतोय.