केनियाची वही: आधी अंदाज, मग नाव

यंदा फेब्रुवारीत केनियात बारा दिवस पक्षी बघून आले. सगळे आधी आकडाच विचारतात, म्हणून तो सांगून टाकते: ३४१ जाती, त्यातल्या बहुतेक लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेल्या. पण वहीत मी जपून ठेवलाय तो दुसराच हिशोब.

मागच्या पावसाळ्यात आंबोलीहून परतल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की माझ्या यादीतले निम्मे पक्षी मी ओळखलेलेच नाहीत. कुणीतरी नाव पुकारतं, मी दुर्बीण लावते, मान हलवते आणि नोंद करते. पक्षी दिसलेला असतो, पण ओळख दुसऱ्याची असते. म्हणून केनियासाठी एकच नियम केला. गाइडने नाव सांगण्याआधी माझा अंदाज वहीत उतरवायचा. जात नाही आली तरी चालेल, कुळ तरी आलं पाहिजे. रकाने चार: आधी ऐकला की दिसला, माझा अंदाज, खरं नाव, आणि पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला.

गाइडला हे नैरोबीतच सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, मी तीन बोटं दाखवेन आणि एकेक मिटेन. तिसरं मिटेपर्यंत लिहून टाका. बारा दिवस त्याने हे न कंटाळता केलं. मला तो ‘मामा’ म्हणायचा, कारण स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आमच्यातल्या डोंबिवलीच्या काकांना ‘म्झे’, म्हणजे वडीलधारे. काका ७२ वर्षांचे, चाळीस वर्षं पक्षी बघतायत, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झालेत. शिंजीर, वटवट्या, फुलटोच्या, सगळे त्यांच्यासाठी मुके. कानातलं यंत्र आहे, पण जंगलात वाऱ्याचीच खरखर मोठी होते म्हणून ते काढून खिशात ठेवतात.

काकामेगा, तीन दिवस

पहिला अख्खा दिवस रस्त्यातच गेला. काकामेगा म्हणजे काँगोच्या बाजूने पसरत आलेल्या वर्षावनाचा केनियात उरलेला एकुलता एक तुकडा. भोवती मक्याची शेतं, उसाचे ट्रक, शाळेला निघालेली पोरं, आणि मध्येच हिरवी भिंत उभी राहावी तसं जंगल सुरू होतं. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वर्षभर जवळपास एकाच वेळी, पावणेसातच्या सुमाराला उजाडतं. आम्ही साडेसहालाच वाटेवर उभे होतो. इथे स्थानिक गाइड वेगळा घेतला, आणि तो घ्यावाच. हे जंगल ज्याच्या लहानपणापासून कानात बसलंय त्यालाच कळतं.

पहिल्या सकाळी मी ३४ अंदाज लिहिले, त्यातले १३ बरोबर. बहुतेक चुका ग्रीनबुलनी करवल्या. ग्रीनबुल म्हणजे आपल्या बुलबुलांच्याच कुळातले, पण शेंडी नाही, बुडाखाली लाल डाग नाही, काही नाही. मळकट हिरवा पक्षी, दाट पानांत, डोक्यावर वीस मीटर. लिटल ग्रीनबुल आणि अँसॉर्जचा ग्रीनबुल शेजारी बसले तरी दिसण्यावरून वेगळे काढणं अवघड. गळा उघडला की मात्र दोन वेगळी माणसं. यलो-व्हिस्कर्ड ग्रीनबुलची एकसुरी बडबड दिवसभर चालू असते. गाइडने सांगितलं, आधी तिला ओळखा आणि मग कानातून बाजूला काढा, म्हणजे बाकीचे ऐकू येतील. या सहलीत मला मिळालेलं सर्वात उपयोगी वाक्य हेच. पावसाळ्यात आपल्याकडे पहाटे दयाळ आणि बुलबुल असेच सगळं झाकून टाकतात. तिथेही हेच करून बघणार आहे.

जिथे बरोबर आले तिथे सह्याद्री कामाला आला. एका उंच झाडावरून टुक, टुक, टुक, टुक असा आवाज आला आणि मी लगेच लिहिलं: तांबटाच्या भावकीतला. आपला तांबट ठोकायला लागला की दम न घेता ठोकत राहतो. हा चार-पाच ठोके मारायचा, थांबायचा, पुन्हा चार-पाच. यलो-रम्प्ड टिंकरबर्ड निघाला, चिमणीपेक्षाही लहान. पंखांचा जोरदार ‘हूश-हूश’ ऐकून धनेश लिहिला, तर काळ्यापांढऱ्या मोठ्या धनेशांची जोडी डोक्यावरून गेली. ज्याने दांडेलीत महाधनेश उडताना ऐकलाय त्याला हा आवाज वेगळा शिकावा लागत नाही.

टुराकोसाठी मात्र घरची शिदोरी उपयोगाची नाही. हे कुळ फक्त आफ्रिकेत आहे. ग्रेट ब्ल्यू टुराको फांदीवरून उडत नाही, धावतो. शेंड्याकडे सरसर चढत जाणारा, लांब शेपटीचा, निळसर प्राणी बघून मला पहिल्या क्षणी भीमाशंकरचं शेकरू आठवलं. मग त्याने मान वळवली आणि पिवळी-लाल चोच आणि काळी तुर्रेबाज शेंडी दिसली. रॉसचा टुराको उडाला तेव्हा पंखातला किरमिजी रंग असा उघडला की आम्ही पाचही जण काही बोललोच नाही. तो लाल रंग तांबे असलेल्या रंगद्रव्याचा आहे. टुराकोंशिवाय तो कुणाकडे नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेवर सियाफू लागल्या, म्हणजे फौजेने चालणाऱ्या सफारी मुंग्या. काळी दोरी जमिनीवरून सरकत असावी तशी रांग होती. विजार मोज्यांत खोचलेली नसेल तर या मुंग्या आत शिरून कडकडून चावतात, त्यामुळे आम्ही आधी मोजे वर ओढले. आणि मग अर्धा तास जागचे हललो नाही. मुंग्या पुढे सरकल्या की पाचोळ्यातले किडे, कोळी जीव घेऊन पळतात, आणि त्यांच्यावर टपून पक्षी बसलेले असतात. गुडघ्याएवढ्या उंचीवर एका आडव्या वेलीवर ब्राउन-चेस्टेड अलेथी आला. तपकिरी पाठ, फिक्या छातीवर धुरकट पट्टा. तो मुंग्या खात नव्हता. त्यांनी उठवलेला रातकिडा वरच्यावर उचलायचा, पुन्हा वेलीवर, शेपटी एकदा खाली-वर. आमच्यापासून जेमतेम तीन मीटर. दुर्बीण एवढ्या जवळचं दाखवायलाच तयार नव्हती, म्हणून ती खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघितला.

काकांचं काय चाललं होतं तेही सांगते. पहिला दिवस त्यांना जड गेला. आम्ही पाच वेळा माना वर करायचो आणि त्यांना का ते कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी बफ-थ्रोटेड आपालिस वर शेंड्यात चिपचिपत होता, आपल्या शिंप्याएवढा पक्षी. स्थानिक गाइड काकांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि एका बोटाने त्यांच्या खांद्यावर त्या आवाजाची लय वाजवू लागला. टप-टप-टप-टप. आवाज थांबला की बोट थांबे. दुसऱ्या हाताने दिशा दाखवली. काकांनी दुर्बीण लावली आणि बोटाच्या ठेक्याबरोबर हलणारी चोच शोधून काढली. ते हळूच म्हणाले, “हां, आता ऐकू आला.” त्यानंतर प्रत्येक आवाज त्यांच्या खांद्यावर आला. गंमत म्हणजे त्यांच्याबरोबर मलाही लयी पाठ होऊ लागल्या. तिसऱ्या सकाळी ४१ पैकी २७.

खाली खोऱ्यात

काकामेगाहून एल्डोरेट, मग इटेन. इटेन साधारण २४०० मीटरवर, धावपटूंचं गाव. पहाटे रस्त्यावर पक्ष्यांपेक्षा धावणारी माणसं जास्त. तिथून केरियो खोऱ्यात उतरताना स्वेटर काढले आणि काबार्नेटचा डोंगर ओलांडून संध्याकाळी बारिंगोला पोचलो.

बारिंगो हे गोड्या पाण्याचं सरोवर, भोवती बाभळीचं कोरडं रान. काकामेगात कान टवकारून थकलेल्या माणसाला इथे हायसं वाटतं, कारण सगळं उघड्यावर. सुगरणी, साळुंक्या, धनेश, शिंजीर, खाटीक. कुळं इतकी ओळखीची की गाइडची बोटं मिटण्याआधीच माझा अंदाज लिहून व्हायचा. अनोळखी फक्त माउसबर्ड आणि झाडावर बसून शेळीसारखा ओरडणारा गो-अवे-बर्ड. हा टुराकोंचाच राखाडी चुलत भाऊ, पण कोरड्या रानातला.

इथली तरुण पोरं रोज पहाटे फिरून घुबडं आणि रातवे कुठे बसलेत ते हेरून ठेवतात. त्यांतल्या एकाने आम्हाला दगडांच्या एका पसाऱ्यापाशी नेलं आणि म्हणाला, समोर बघा. मी दोन मिनिटं बघत होते. दगड, वाळलेलं शेण, काट्याची सावली. मग त्या सावलीत एका दगडाने पापणी मिटली. हॉइग्लिनचा धाविक! आपल्या माळावरचा धाविक दिवसा पळत किडे टिपतो. हा रात्रीचा पक्षी, म्हणून डोळा एवढा मोठा. छातीवरचे पट्टे उन्हाच्या कवडशांत असे मिसळलेले की नजर जरा हलवली की पुन्हा दगड. आम्ही कुणी त्याच्या दिशेने एक पाऊलही टाकलं नाही, आणि आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता. आवाज नाही, हालचाल नाही, तरी हा पक्षी सर्वात आधी काकांना दिसला. रकान्यात तसं लिहिलंय.

होडीवाल्याने माशात लाकडाचा तुकडा खुपसून तो पाण्यावर फेकायची तयारी दाखवली. शीळ घातली की आफ्रिकन मत्स्यगरुड झेपावतो आणि फोटो मिळतो. आम्ही नको म्हटलं, पैसे मात्र ठरलेले दिले. ठाण्याच्या खाडीत कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकतात तेव्हा मी भांडते. मग इथे गप्प बसून कसं चालेल? तो नाराज झाला नाही. त्याने होडी लव्हाळ्यात वळवली आणि गोलायथ बगळा दाखवला, जगातला सर्वात मोठा बगळा, दीड मीटरच्या आसपास उंच. आपला राखी बगळा त्याच्याशेजारी पोर वाटेल.

बोगोरिया

या दिवसासाठी मी ठाण्याहून आले होते. ऐरोलीला भरतीची वेळ बघून जे छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मी वर्षानुवर्षं बघतेय, तीच जात इथे. आपल्याकडचे कच्छच्या रणात वीण करतात, पूर्व आफ्रिकेतले मुख्यतः टांझानियातल्या नेट्रॉन सरोवरात. बोगोरियाचं पाणी खारं, सोड्याचं, किनाऱ्यावर गरम पाण्याचे झरे वाफा सोडतात. मासे नाहीत, पण स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ भरपूर, आणि रोहितला तेच हवं. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची आणि जिभेच्या पंपाने पाणी गाळून शेवाळ ठेवून घ्यायचं. नाकुरू सरोवराचं पाणी गेल्या दशकात पावसाने खूप वाढलं, खारेपण पातळ झालं, शेवाळ कमी झालं, आणि तिथले थवे अशा दुसऱ्या सरोवरांकडे सरकले. नाकुरूला आम्ही म्हणूनच फक्त एक दुपार दिली.

खाडीत मला रोहित नेहमी लांबून, चिखलापलीकडे दिसतात. इथे गोड्या पाण्याचा एक ओहोळ सरोवराला मिळतो, तिथे ते पिसं धुवायला आणि पाणी प्यायला गर्दी करत होते, आणि आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. लांबून तो पंगतीतल्या गलक्यासारखा वाटतो. जवळून कळतं की प्रत्येक जण खालच्या सुरात सतत काहीतरी पुटपुटतोय. तेवढ्यात मत्स्यगरुड आला. मासे नसलेल्या सरोवरावर तो काय करतो याचं उत्तर समोरच होतं: तो रोहित मारतो. थवा चादर झटकावी तसा उठला, खालून काळ्या-लाल पंखांचा एकच उजेड पडला. गरुड रिकामा परतला. मी त्या पानावर काहीच लिहिलेलं नाही, फक्त वेळ आहे: ९.४०.

मारा

मसाई मारात लोक सिंह बघायला जातात. सिंह आम्हीही बघितले. मला तिथे गवत बघायचं होतं. पॅलिड आणि माँटेग्यूचे भोवत्ये, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी, गवतावरून तरंगत होते, हिवाळ्यात सोलापूरच्या माळावर तरंगतात तसेच. आणि मग कोरी माळढोक, चार पावलं टाकून थांबणारा, मान ताठ, पोटाशी पांढरं. उडू शकणाऱ्या सर्वात जड पक्ष्यांपैकी एक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मी तीनदा गेलेय आणि तीनही वेळा माळढोक न बघता परतलेय. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ उरलेलाच नाही. गाइडने तीन बोटं दाखवली, आणि मी बोटं मिटण्याआधीच लिहिलं, पण नाव मोठ्याने म्हणवेना. काकांनी ते म्हटलं.

गिधाडांचीही हीच कथा. पांढऱ्या पाठीचं आणि रुपेलचं, दोन्ही २०१५ पासून अतिसंकटग्रस्त. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने घात केला, इथे गुरं मारणाऱ्या सिंहांसाठी मढ्यात घातलेल्या विषाने. एका रानरेड्याच्या सांगाड्यावर आम्हाला तेवीस गिधाडं मिळाली. गाइड म्हणाला, त्याच्या वडिलांना मोजायची गरज पडली नसती.

शेवटच्या दिवशी पहाटे तंबूबाहेर अजून अंधार होता. मी चहाचा कप घेऊन बसले होते, काका समोर. काही ऐकू येत नव्हतं, निदान मला. काका कप ठेवून थांबले, मान किंचित तिरकी केली, आणि टेबलावर बोटाने वाजवू लागले. डुम. डुम. डु-डुम. थांबले. पुन्हा डुम, डुम, डु-डुम. मी श्वास रोखून ऐकत राहिले, आणि मिनिटभराने ओढ्याच्या पलीकडून, अगदी खालच्या पट्टीत, लांबचा ढोल वाजावा तसा तो आला. गाइड कँपच्या स्वयंपाकघरातून बाहेर येत होता. त्याने आम्हाला बघितलं, हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

वहीत नोंद अशी आहे. आधी ऐकला. अंदाज: धनेश, जमिनीवरचा. खरं नाव: सदर्न ग्राउंड हॉर्नबिल. पहिल्यांदा लक्षात आला: काकांच्या.