गुरुजींनी आणलेली पांढरी भुकटी

परभणी जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लघवीच्या नमुन्याचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे माझे रोजचेच काम. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या निवासी शाळेतील विज्ञानाचे शिक्षक कागदाच्या पुडीत पांढरी भुकटी घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, एवढं जरा मायक्रोस्कोपखाली बघून सांगता का?”

चिमूटभर भुकटी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून पाहिली, तर शवपेटीच्या झाकणासारखे, उतरत्या कडांचे रंगहीन स्फटिक दिसले. युरियाचे विघटन करणाऱ्या जिवाणूंचा संसर्ग झालेल्या रुग्णांच्या लघवीत हेच स्फटिक सापडतात आणि तेच साचत जाऊन मूत्रपिंडात मोठा खडा होतो. खात्रीसाठी मी विरल ॲसेटिक आम्लाचा थेंब कडेने सोडला. एकही बुडबुडा न येता स्फटिक विरघळले, म्हणजे ते कार्बोनेट नव्हते, फॉस्फेट होते.

हॅम्बुर्गचा किमयागार हेनिग ब्रांट याने 1669 मध्ये लघवी आटवून फॉस्फरस मिळवला, हे मुलांना शिकवतानाच गुरुजींना लघवीतून खत काढण्याची कल्पना सुचली होती. त्यांनी वसतिगृहातील लघवी झाकणबंद कॅनमध्ये साठवली. साठवणीत युरियापासून अमोनिया तयार होऊन पीएच 9 च्या आसपास चढतो आणि अशा वेळी मॅग्नेशियम मिसळले की अमोनियम व फॉस्फेटसह त्याचे स्ट्रुव्हाइट, म्हणजे मी पाहिलेले तेच स्फटिक, होऊन तळाशी बसते. त्यासाठी कपाशीची पाने लाल पडतात त्या लाल्यावर फवारतात तेच मॅग्नेशियम सल्फेट त्यांनी कृषी सेवा केंद्रातून आणले, साका कापडातून गाळून घेतला आणि सावलीत वाळवला. हे सावलीत वाळवणे मला फार महत्त्वाचे वाटले, कारण साधारण 50 अंशांपुढे स्ट्रुव्हाइटमधील अमोनिया उडू लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावर तेवढी उष्णता सहज असते.

शुद्ध स्ट्रुव्हाइटमध्ये 12.6 टक्के फॉस्फरस असतो. सोयाबीनच्या पेरणीआधी डीएपी या फॉस्फरसयुक्त खतासाठी रांगा लावणाऱ्या आमच्या भागात, ज्या खताचा कच्चा माल मोरोक्को, जॉर्डनहून येतो, त्यातला मुख्य घटक आपण रोज गटारात सोडतो, याची मला खरोखर हळहळ वाटली.

तरीही मी त्यांना स्पष्ट सांगितले की सूक्ष्मदर्शकात स्फटिकाचा आकार कळतो, शुद्धता कळत नाही. जंतू वा जंतांची अंडी उरली आहेत का, हेही वेगळे तपासावे लागेल. शिवाय नत्राचा बहुतांश भाग वरच्या निवळीतच राहतो, तेव्हा ती फेकू नये. भुकटी आणि निवळी दोन्ही माती परीक्षण प्रयोगशाळेत दाखवायचे त्यांनी ठरवले आणि मी त्यांना दोन स्वच्छ बाटल्या दिल्या.