तय्यब मेहतांच्या खिडकीखाली

पंचवटी एक्स्प्रेसमधून सीएसएमटीला उतरले तेव्हा पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. सॅकमध्ये स्केचबुक, दोन सिक्स-बी पेन्सिली आणि पोळीभाजीचा डबा. नाशिकहून मी वर्षातून तीन-चारदा अशी येते, प्रदर्शन बघते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. या वेळी प्रदर्शन बघायचं नव्हतं, एक रस्ता बघायचा होता.

त्याचं कारण काही वर्षांपूर्वीचं आहे. लिलावाआधी चित्रं लोकांना बघायला मांडतात, तशा एका ठिकाणी इथेच मुंबईत मी चित्रकार तय्यब मेहतांच्या एका कॅनव्हाससमोर पहिल्यांदा उभी राहिले. तोवर त्यांची चित्रं पुस्तकात आणि मोबाइलवरच पाहिली होती. एक मानवाकृती, आणि तिला वरपासून खालपर्यंत कापत गेलेली तिरकी पट्टी. छापलेल्या चित्रात ती नुसती डिझाइनसारखी दिसते. समोर उभं राहिल्यावर कळलं की रंग इतका सपाट, इतका शांत बसवलाय की ब्रशचा फटकारा शोधूनही सापडत नाही. आणि जिथे हाताचा रंग संपून पट्टीचा रंग सुरू होतो, त्या कडेवर मात्र रेषा किंचित थरथरते. फूटपट्टी टेकवून मारलेली रेषा तशी नसते. ती हाताने, श्वास धरून ओढलेली होती. मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंट्री-इंटरमिजिएटला मुलं बसवते. रेषा ओढताना कुणाचा श्वास अडकलाय ते मला ओळखू येतं. त्या दिवसापासून हा माणूस डोक्यातून गेला नाही.

मेहतांचा जन्म १९२५ चा, गुजरातमधल्या कपडवंजचा. पण वाढले ते क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, दाऊदी बोहरा कुटुंबात. फाळणीच्या दिवसांत ते मोहम्मद अली रोडवर राहत होते. तिथे खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर जमावाने एका तरुणाला ठेचून मारताना पाहिलं. पुढे कितीतरी दिवस ते तापाने फणफणले होते, आणि ते दृश्य आयुष्यभर सुटलं नाही, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. तेव्हा त्यांची विशीच चालू होती. मला तो रस्ता खालून बघायचा होता.

आधी जेजे स्कूल ऑफ आर्टला गेले. स्टेशनातून चालत पाच-सात मिनिटं. फाटकाशी सुरक्षारक्षकाने अदबीने सांगितलं, "मॅडम, आत जायला परवानगी लागते." मी फाटकाबाहेरच थांबले. आतली झाडं दिसत होती, जिन्याचा एक कोपरा दिसत होता. मेहता इथे १९४७ ते १९५२ शिकले. चित्रकार शंकर पळशीकर सर तेव्हा इथे शिकवायचे. बाहेर हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रूप, म्हणजे नव्या वाटेच्या चित्रकारांचा गट, उभा राहत होता. मेहता त्या सहा संस्थापकांत नव्हते, पण मैत्री आणि वादविवाद सगळे त्यांच्याशीच.

मला महत्त्वाची वाटते ती जेजेच्याही आधीची गोष्ट. चित्रकलेकडे वळण्याआधी मेहता फेमस स्टुडिओत फिल्म एडिटिंगचं काम करत होते. दिवसभर रिळं बघायची, कात्री लावायची, दोन तुकडे जोडायचे. समीक्षक काहीही म्हणोत, माझी तरी खात्री आहे की त्यांच्या चित्रातली ती तिरकी पट्टी म्हणजे एडिटरने लावलेला काप आहे. एकच देह, पण त्याची एक फ्रेम इकडे आणि एक तिकडे.

क्रॉफर्ड मार्केटला वळसा घालून, पाटीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत मोहम्मद अली रोडला लागले. डोक्यावरून तो लांबच लांब फ्लायओव्हर जातो, त्यामुळे भरदुपारीही खाली संध्याकाळ असल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, मध्येच नवीन ॲल्युमिनियमच्या काचा. नेमकी खिडकी शोधायला मी आले नव्हते. मी फक्त मान वर करून बघत राहिले की दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून रस्ता किती जवळ असेल. फार जवळ. इतका जवळ की खाली पडलेल्या माणसाचा चेहरा दिसेल, आवाज ऐकू येईल, आणि हात मात्र पोचणार नाही.

चहाच्या टपरीशी उभी राहिले. "ताई, बसा ना," म्हणत चहावाल्याने स्टूल पुढे केलं आणि मी स्केचबुक काढलं. समोरून एक हातगाडीवाला येत होता. गाडीवर कापडाचे गठ्ठे त्याच्या उंचीपेक्षा वर गेलेले. चढ नव्हता, पण रस्ता ओला होता. त्याचं अंग पुढे इतकं झुकलं होतं की हात सोडले असते तर तोंडावर आपटला असता. गाडी त्याला धरून होती आणि तो गाडीला. मेहतांच्या रिक्षा ओढणाऱ्या माणसांत नेमकं हेच आहे. रिक्षाचे दांडे त्याच्या हातांतून उगवल्यासारखे येतात, माणूस कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते ठरवता येत नाही. आतापर्यंत मी ती शैली समजत होते. त्या टपरीवर कळलं, ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बैलाचंही तसंच. १९५६ च्या सुमारास त्यांनी पाय बांधून जमिनीवर आडवा पाडलेला बैल रंगवला. वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाऊन ते बैल बघत आले होते. अफाट ताकदीचं जनावर, आणि ती ताकद वापरायला जागाच नाही. मेहतांना त्यात नव्या देशातली माणसंही दिसत होती. १९७० मध्ये त्यांनी 'कूडल' हा लघुपट केला, त्यासाठीही ते कॅमेरा घेऊन वांद्र्याला गेले. त्या लघुपटाला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावतात, गळ्यात घुंगूरमाळा घालतात. माझ्या वडिलांनी बैल विकला त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं. त्यामुळे असेल, पण तो बांधलेला बैल मला परका कधीच वाटला नाही.

१९५९ ते १९६४ ते लंडनला होते. ब्रिटनमधला चित्रकार फ्रान्सिस बेकन याच्या पिळवटलेल्या, किंकाळी फोडणाऱ्या आकृतींचा परिणाम त्यांच्यावर झाला, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. तेव्हाचा त्यांचा रंग जाड, थापलेला. भारतात परतल्यावर १९६५ मध्ये 'कोसळणारी आकृती' आली, आणि १९६८ च्या दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनचे भव्य सपाट रंगांचे कॅनव्हास पाहिले आणि हादरले. त्यानंतर थापलेला रंग गेला. १९६९ मध्ये, एका चित्रापाशी अडकून वैतागले असताना त्यांनी कॅनव्हासवर एक तिरका काळा फटकारा मारला, आणि पुढची काही वर्षं ती तिरकी रेषा त्यांची भाषा झाली.

इथे मला थांबून सांगायचंय. बेकनकडे आहे ते सगळं दाखवणं, मांस, दात, रक्त. मेहतांनी तर खरंखुरं रक्त पाहिलं होतं, तरी ते चित्रातून काढत गेले. आधी पार्श्वभूमी काढली, मग छाया-प्रकाश काढला, मग रंगाची जाडी. उरला एक देह, तोंड उघडं, आणि मधून गेलेला काप. न आवडलेले कॅनव्हास ते नष्ट करायचे, म्हणून एवढ्या दीर्घ आयुष्याच्या मानाने त्यांची चित्रं थोडीच आहेत. मुलांना मी सांगते, "अजून रंग भर, जागा मोकळी सोडू नकोस." हे सांगणं बंद करायला हवं.

१९८४-८५ मध्ये ते शांतिनिकेतनला राहिले. तिथून पुढे काली आली, महिषासुर आला. त्यांच्या महिषासुराच्या चित्रात देवी आणि असुर एकमेकांत असे गुंतलेत की हे युद्ध आहे की मिठी, सांगता येत नाही. आम्ही सप्तशृंगीला जाणारी माणसं. गडावर देवी अठरा हातांची, शस्त्रं उगारलेली. पण पायऱ्यांशी महिषासुराचंही शिर आहे आणि लोक तिथेही हात जोडतात. आजी म्हणायची, "त्याला ओलांडून वर जायचं नसतं, विचारून जायचं." मेहतांची ती चित्रं मला आजीच्या त्या वाक्यातूनच कळली.

किमतींबद्दल फार लिहीत नाही. २००५ मध्ये त्यांचा 'महिषासुर' लिलावात दहा लाख डॉलर ओलांडून गेला आणि तेव्हापासून त्यांच्या नावापुढे आकडेच छापून येतात. चित्र बघायला मिळत नाही, आकडा मात्र पाठ होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंधेरीच्या लोखंडवालात साध्या फ्लॅटमध्ये ते राहिले, आणि २००९ च्या जुलैत मुंबईतच गेले.

नंतर काळाघोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावले, बाहेरच्या पायरीवर डबा खाल्ला, गाडी पकडली. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत हातगाडीवाल्याचं स्केच तीनदा काढलं. पहिल्यात चेहरा होता, घाम होता, गठ्ठ्यांच्या दोऱ्या होत्या. दुसऱ्यात फ्लायओव्हर काढून टाकला. तिसऱ्यात माणूस आणि दांडा, एवढंच ठेवलं.

सोमवारी वर्गात ते टेबलावर राहून गेलं. सातवीतल्या एका मुलाने उचललं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई, हा ओढतोय का पडतोय?"

मी म्हटलं, "खिडकीपाशी उजेडात नेऊन बघ." तो घेऊन गेला.