तुम्ही विचारलंत म्हणून: मी इम्युनिटी का वाढवत नाही

"अगं, त्या इम्युनिटी दाबायच्या गोळ्या घेण्यापेक्षा इम्युनिटी वाढवायचं काहीतरी घे ना." आत्या विचारते, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू विचारतात, ऑफिसात नवीन आलेलं कुणीही डब्याशेजारची गोळ्यांची डबी बघून विचारतं, आणि यंदा गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद हातावर ठेवता ठेवता एकींनी विचारलं. मला ल्युपस आहे, म्हणजे माझी इम्युनिटी माझ्याच शरीरावर उलटते, हे तुम्हाला सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत नाही. दरवेळी मी "बघते हं" म्हणते आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची टाकी नाहीये हो, पातळी खाली गेली की मोटर लावली. त्यात शंभर प्रकारच्या पेशी आहेत, काही हल्ला करणाऱ्या, काही निरोप पोचवणाऱ्या, आणि काहींचं काम फक्त बाकीच्यांना आवरणं. या आवरणाऱ्या टी पेशी जपानच्या साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवल्या, आणि त्या कामाला नोबेल मिळायला २०२५ उजाडलं. एकच उदाहरण देते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू दिसला की कधीकधी स्वतःचाच डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं करतात आणि जंतू त्यात अडकतो. इन्फेक्शनमध्ये हे फार कामाचं आहे. ल्युपसमध्ये मात्र ती जाळी वेळेवर साफ होत नाहीत, मग शरीर त्या उघड्यावर पडलेल्या आपल्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं, त्यांचे गठ्ठे किडनीच्या गाळणीत जाऊन बसतात, आणि ते बघून तिथे आणखी पेशी धावून येतात. आता सांगा, यातलं नेमकं काय वाढवू?

हे मी तेव्हाही जाणत होते, हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय मी. आणि तरीही २०२० साली तुम्ही जे सांगता तेच मी केलं.

मार्चच्या शेवटी एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ल्युपसवरची माझी एक गोळी, दुकानांतून गायब झालं. कोविडवर चालेल अशी आवई उठली आणि ज्यांना कशाचीच गरज नव्हती त्यांनीही घरात स्ट्रिपा भरून ठेवल्या. मी नऊ वर्षं रोज घेत होते ती गोळी. सहकारनगरपासून टिळक रोडपर्यंत नवरा पास घेऊन हिंडला, एका ठिकाणी दहा गोळ्या मिळाल्या, त्या मी एक दिवसाआड करून पुरवल्या. इथवर माझा दोष नाही असं मी म्हणते, आणि अजूनही तसंच म्हणेन. १९९१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी दाखवलंय की ही गोळी बंद केलेल्यांत आजार उसळायचा धोका अडीच पट होता, पण गोळी मिळतच नसेल तर माणसाने काय करायचं?

पुढचं मात्र माझं मीच केलं. अ‍ॅझाथायोप्रिन ही इम्युनिटी दाबायची दुसरी गोळी घरात होती, दोन महिन्यांची. रोज रात्री ती गोळी हातात घेतली की वाटायचं, बाहेर विषाणू आलाय आणि मी आपल्याच पहारेकऱ्यांना झोपेची गोळी देतेय. डॉक्टरांना फोन लागत नव्हता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर मी एकदाच लावला, एंगेज आला, आणि परत लावला नाही कारण ते "बंद करू नका" म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं. एप्रिलच्या मध्यावर मी गोळी थांबवली. आणि आमच्या आवारातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलीये, तिचं बोटभर कांडं वॉचमन काका रोज कापून द्यायचे, ते ठेचून, सुंठ-मिरी घालून उकळायचं आणि रिकाम्या पोटी प्यायचं. आत्याने फोनवर कृती सांगितली होती. प्यायल्यावर बरं वाटायचं. ते खोटं नव्हतं, लॉकडाऊनमध्ये आपण स्वतःसाठी काहीतरी करतोय एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं.

मेच्या अखेरीस सकाळी लघवीला फेस यायला लागला. पाणी कमी पितेय, उन्हाळा आहे, असं मनाला समजावलं. मग एका संध्याकाळी मोजे काढले तर घोट्यावर इलॅस्टिकची खोल खाच, आणि अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. नवरा कणीक मळत होता, त्याला हाक मारून मी पाय दाखवला. तो काहीच बोलला नाही, पिठाच्या हातानेच फोन लावायला गेला. नंतर त्या फोनच्या कडेला वाळलेलं पीठ बरेच दिवस होतं, मी ते पुसलं नाही. चोवीस तासांच्या लघवीत प्रथिनं चार ग्रॅम गेली, दीडशे मिलिग्रॅमच्या आत हवीत. किडनीच्या बायोप्सीत क्लास चार, ल्युपसने किडनीला होणाऱ्या इजेचा एक गंभीर प्रकार. म्हणजे गाळण्यांमध्ये पेशींची गर्दी, ज्यांना मी जागं ठेवायला निघाले होते त्याच त्या.

तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. त्याच जून महिन्यात इंग्लंडहून बातमी आली की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आणि ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. विषाणूशी लढताना माणसाला त्याच्याच पेशींपासून वाचवायची वेळ येते, आणि कधी वाचवायचं तेही नेमकं कळावं लागतं.

काढ्याने झालं का? मला नाही माहीत. गोळी थांबवल्याने झालं असणार असं डॉक्टर म्हणाले, आणि कधीकधी गोळ्या नीट घेऊनही उसळतं हेही म्हणाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला झालेल्या इजेबद्दल छापलं, ऑटोइम्युन आजारात दिसते तशी इजा होती ती, आणि आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. माझं लिव्हर तर ठीकच होतं. त्यामुळे गुळवेल वाईट असं मी लिहिणार नाही, आत्याला तर अजिबातच बोलणार नाही. पण तेव्हाची मी म्हणते, "तू घाबरली होतीस, तुला समजून घेतलं पाहिजे," आणि आजची मी म्हणते, "फोन परत का नाही लावलास?" यावर अजून आमचं दोघींचं जमलेलं नाही.

आता तुमची बाजू. इम्युनिटी खरोखर वाढवता येते, आमच्याच घरात बघितलंय. माझ्या मोठ्या दिरांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला, त्यांना दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब चालू केलं. टी पेशींवर पीडी-वन नावाचा ब्रेक असतो, कॅन्सर तो दाबून धरतो आणि समोर असूनही त्याला कुणी हात लावत नाही. हे औषध तो ब्रेक सुटा करतं, या कामाला २०१८ चं नोबेल आहे, अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना. चार डोसनंतर गाठ निम्मी झाली, सगळे रडलो आम्ही. पाचव्यानंतर दिवसाला दहा-बारा वेळा जुलाब. घरात सगळ्यांना वाटलं पोट बिघडलं, ताक-भात सुरू झाला. तपासलं तर आतड्यावर त्यांच्याच टी पेशींचा हल्ला. ब्रेक सोडला की गाडी फक्त कॅन्सरच्याच दिशेने जाईल असं नसतं. आणि मग त्यांना काय दिलं, तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, माझीच गोळी.

एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही. दाबायच्या गोळ्या इतकी वर्षं घेतल्याने कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, हे औषधाच्या कागदावरच छापलेलं असतं. मला त्याची भीती वाटते. रोज नाही, पण वाटते. आणि उद्या तसं झालंच तर भाऊजींना दिलं ते औषध मला देताना डॉक्टर दहादा विचार करतील. दुसरीकडे जर्मनीत एर्लांगेनला २०२१ मध्ये ल्युपसच्या एका तरुण मुलीला कार-टी पेशी दिल्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी काढलेली पद्धत वापरून तिच्या बिघडलेल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी साफ केल्या, आणि तिचा आजार शांत झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलची अशी थेरपी आपल्याकडे २०२३ मध्ये मंजूर झाली, रक्ताच्या कॅन्सरसाठी. माझ्यासाठी कधी येईल यावर मी आशा लावून बसत नाही असं सगळ्यांना सांगते, पण बातम्या बघत असते.

दिवाळीत भाऊजी आमच्याकडे होते. सकाळी चहाबरोबर दोघांनीही एकाच औषधाच्या स्ट्रिपांमधून गोळ्या काढल्या, त्यांची चाळीस मिलिग्रॅमची, माझी पाचची. ते म्हणाले, "तुझं कमी करायला आणि माझं वाढवल्यावर आवरायला, एकच?" मी हो म्हटलं. आत्या बाजूलाच बसली होती, ती कितीतरी वेळ त्या स्ट्रिपांकडे बघत राहिली, आणि मग मला म्हणाली, "बरं, पण मग तू नुसती हळद तरी घेत जा दुधातून."

रात्री तिनेच गरम करून आणलं. प्यायले मी.