दोन मुलगे, चैत्रगौर आणि पलंगाखालची पेटी

मुंबईचा उन्हाळा मे महिन्यात असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्चमध्ये दुपारी एक वाजता शाळेच्या गेटवर उभं राहून बघावं. मे मध्ये घाम असतो, चिकचिक असते, पण खरं भाजतं ते मार्चमध्ये. तेव्हा पूर्वेकडून जमिनीवरचे गरम कोरडे वारे येतात आणि समुद्रावरचा वारा सुटेपर्यंत दुपार उलटून जाते, म्हणून पारा एकदम चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंश नोंदलं गेलंय, हे आमच्या थोरल्याने पेपरात वाचून मला सांगितलं आणि त्यानंतर जो भेटेल त्याला सांगितलं, लिफ्टमन काकांपासून भाजीवाल्यापर्यंत.

थोरला नऊ वर्षांचा, धाकटा पाच. मुलुंडला राहतो आम्ही, जुनी चार मजली सोसायटी, घरात सासूबाई, नवरा, मी आणि हे दोघे. होळीला अंगाला लागलेला रंग कानामागून निघेपर्यंत परीक्षा, परीक्षा संपते न संपते तोवर उकाडा, आणि मग सुट्टी. सुट्टी लागली की मला हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं. "दोन्ही मुलगेच का गं? एक मुलगी हवी होती, हाताशी आली असती." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, माया करूनच बोलतात, पण मला ते वाक्य दरवेळी टोचतं आणि दरवेळी मी तेच उत्तर देते की मुलगे पण येतात की हाताशी, आपण बोलवायला पाहिजे. आज त्यावरच लिहायचंय, कारण या वर्षी चैत्र ते मे आमच्या घरात जे चाललंय ते मला मनापासून आवडलंय.

सुरुवात चैत्रगौरीपासून झाली. आमच्याकडे गुढीपाडव्यानंतरच्या तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिन्यात एका संध्याकाळी हळदीकुंकू. म्हणजे आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी, गौरीपुढे रांगोळी. हे सगळं बायकांचं काम अशीच पद्धत, त्या दिवशी घरातले पुरुष आणि मुलं गुपचूप बाहेर जातात. मी म्हटलं कशाला बाहेर जायचं, घरात चार हात रिकामे आहेत.

तर कैऱ्या. मुलुंडच्या मार्केटमधून दोघं बाबांबरोबर जाऊन घेऊन आले, घट्ट, हिरव्यागार, देठाला चीक असलेल्या. थोरल्याला सोलाणं दिलं. पहिल्या कैरीची साल जाड जाड निघत होती, अर्धी कैरी सालीबरोबर गेली, सासूबाई म्हणाल्या "राहू दे रे राजा, मी करते", आणि तो म्हणाला "नको आजी, मलाच करू दे". आणि खरंच तिसऱ्या-चौथ्या कैरीला हात बसला, साल पातळ लांब निघायला लागली. धाकट्याकडे डाळ, भिजलेली हरभऱ्याची डाळ चाळणीत निथळत ठेवायची आणि त्यातले खडे बघायचे, खडे नव्हतेच पण तो एकेक दाणा बोटाने सरकवून बघत बसला होता, जीभ बाहेर काढून, इतकं लक्ष लावून की मी हाक मारली ती पण ऐकू गेली नाही. डाळ मिक्सरमध्ये भरडच वाटायची, अगदी पेस्ट नाही, हे थोरल्याला एकदा दाखवलं ते त्याने नीट लक्षात ठेवलं, बटण दाबायचं सोडायचं दाबायचं सोडायचं. किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून फोडणी. फोडणी मात्र मी केली, हिंग मोहरी हळद सुकी मिरची, गरम तेलाजवळ अजून नाही.

पन्ह्याचं तर त्यांना पाठच झालंय. कैऱ्या कुकरला उकडायच्या, गार झाल्या की सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्यायचा (सगळ्यात चांगला गर सालीलाच असतो, तो कधी टाकू नका), कोय हाताने पिळून घ्यायची, एक वाटी गराला दोन वाट्या चिरलेला गूळ, वेलची, मीठ, असलं तर केशर. हे मिश्रण बरणीत भरून फ्रीजमध्ये, लागेल तसं दोन चमचे ग्लासात घालून पाणी. कोय पिळायचं काम धाकट्याचं. कोपरापर्यंत पिवळा होतो आणि खूश असतो.

संध्याकाळी बायका आल्या तेव्हा दारात थोरला ट्रे घेऊन उभा, कुर्ता घालून, प्रत्येकीला "काकू, पन्हं घ्या, मी केलंय". धाकटा ओटीत हरभरे घालायला माझ्याबरोबर, छोटी वाटी भरून, अर्धे हरभरे जमिनीवर पण एकाही बाईला त्याने सोडलं नाही. तळमजल्यावरच्या आजी, नव्वदीच्या आसपास असतील, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलांना इथे उभं पण करायचे नाहीत, बरं केलंस गं." मला फार बरं वाटलं ते ऐकून. हळदीकुंकवाला विधवा बायकांनाही आम्ही बोलावतो, त्या आजी त्यातल्याच, आणि मुलांनी त्यांना इतरांसारखंच पन्हं दिलं, त्यांना यात वेगळं काही आहे हे माहीतच नाही. तसंच राहू दे.

मग सुट्टी. समर कॅम्पची पत्रकं मार्चपासूनच दाराखालून येतात, रोबोटिक्स, अबॅकस, हस्ताक्षर, पब्लिक स्पीकिंग, पाच वर्षांच्या मुलाला पब्लिक स्पीकिंग! आम्ही एकच ठेवलं, सकाळचं पोहणं, थोरल्याला, कारण मुंबईत राहून पोहता न येणं मला पटत नाही. बाकी दिवस मोकळा. लोक म्हणतात अगं वेडी होशील, दिवसभर घरात दोन मुलगे. आरडाओरडा होतो, होणारच, दुपारी दोन वाजता सोफ्याचा किल्ला होतो आणि खालच्या काकू वर फोन करतात. पण मोकळा वेळ आहे म्हणून तर हे बाकीचं सगळं जमतं, कॅम्पच्या बसमध्ये चढउतार करत असते तर कैरी कोण सोलणार होतं.

घरातली कामं वाटून दिलीत. थोरला वाळलेले कपडे काढून घड्या घालतो, स्वतःचेच नाही, सगळ्यांचे, आजीच्या नऊवारीची घडी घालायला धाकटा दुसरं टोक धरतो आणि दोघं हॉलभर चालत एकमेकांकडे येतात. धाकटा पानं घेतो, म्हणजे ताटं वाट्या पेले मांडतो. आणि पाणी. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत जमा करून बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायचं हे दोघांचं. मे मध्ये पेपरात तलावांच्या साठ्याचे आकडे यायला लागतात, ते थोरला वाचतो. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार, तुळशी, सातही तोंडपाठ, त्यातले विहार आणि तुळशी मुंबईतच आहेत आणि बाकीचे लांब ठाणे-पालघर-नाशिककडे, हे कळल्यापासून तो नळ सुरू ठेवून दात घासणाऱ्या बाबांना सोडत नाही.

आणि आंबे. पेटी आली की ती आमच्याकडे पलंगाखाली जाते, पेंढ्यासकट. रोज सकाळी दात घासायच्या आधी दोघं पलंगाखाली पोटावर सरपटत जातात. पिकलेला आंबा दाबून नाही बघायचा, हे त्यांच्या आजोबांनी फोनवर शिकवलंय, दाबला की डाग पडतो, देठाजवळ नाक लावायचं. तर धाकटा प्रत्येक आंबा देठाशी हुंगतो, तयार असेल तर थोरल्याकडे देतो, नसेल तर उलटा करून परत पेंढ्यात. एखादा डागाळलेला दिसला की लगेच वेगळा, नाहीतर शेजारचे पण जातात. त्या खोलीत मे महिनाभर तोच वास असतो, चादरींना, उशांना, मुलांच्या केसांना. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांच्या आंब्याला ते नाव, आमचं गाव कुडाळजवळ म्हणून दोघांना त्याचा अभिमान असतो. पण मला विचाराल तर जूनच्या तोंडावर येणारा रायवळ, चोखून खायचा, कोपरावरून रस गळणारा, तो मुलांनी खायलाच हवा. हापूस कापून काट्याने खाणारी मुलं बघितली की मला कसंतरी होतं.

गच्चीवर वाळवणं आता सोसायटीत दोन-तीन घरांतच होतात. सासूबाई साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस घालतात, जुन्या साडीवर, चारी कोपऱ्यांना विटा. राखण मुलांची. कावळ्यांपेक्षा कबुतरांचा त्रास जास्त. राखणदारच अर्धवट वाळलेल्या पापड्या खातात, त्या कडेने कडक आणि मधे चिकट असतात तेव्हाच खरी मजा, आजीला माहीत आहे, ती म्हणून जास्तच घालते.

या गच्चीवर १५ मेच्या सुमाराला आम्ही शून्य सावली बघितली. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य उत्तरेकडे सरकताना वर्षातून एकदा आणि परत येताना एकदा बरोबर डोक्यावर येतो, दुसऱ्यांदा येतो जुलैच्या शेवटी पण तेव्हा ढग असतात, म्हणून बघायची ती मे मध्येच. दुपारी साडेबाराच्या जरा पुढे. थोरल्याने स्टीलचा पेला उलटा ठेवला, शेजारी एक काठी धाकट्याने उभी धरली. पेल्याची सावली एका बाजूला बारीक होत होत गेली, चंद्रकोरीएवढी, मग नखाएवढी, आणि मग नाहीच. काठीची पण नाही. धाकटा स्वतःच्या पायाशी बघत राहिला, सावली सगळी पावलांखाली गोळा झालेली, त्याने एक पाय उचलून बघितला खाली आहे का. थोरल्याने लगेच दिल्लीच्या मावसभावाला व्हिडिओ कॉल, "तुमच्याकडे हे कधीच होत नाही, तुम्ही कर्कवृत्ताच्या वर आहात!" पाय पोळत होते, चपला पण तापल्या होत्या, तरी कोणी खाली यायला तयार नाही.

संध्याकाळी कंपाउंड. अंडरआर्म क्रिकेट, एक टप्पा आउट, पहिल्या मजल्याच्या काचेला लागला तर खेळणारा आउट आणि बॉल आणायला पण तोच. सोनमोहराची पिवळी फुलं सगळीकडे पडलेली असतात, त्यातच पिच. एकदा धाकट्याच्या ओठावर बॉल बसला, रक्त आलं, रडायला लागला तर बाकावर बसलेले एक काका म्हणाले, "अरे मुलगा असून रडतोस?" मी काही बोलायच्या आत थोरला म्हणाला, "काका, त्याला लागलंय." एवढंच. रुमाल ओला करून आणला आणि त्याच्या ओठावर धरून बसला. मला त्या पोराला तिथेच मिठी मारावीशी वाटली, मारली नाही, मित्र होते सगळे, रात्री मारली. मुलग्यांना रडू द्या हो. लागलं की रडायचं असतं.

त्याच कंपाउंडमधल्या आंब्यावर कावळ्याचं घरटं आहे आणि पहाटे चारपासून कोकीळ सुरू. ओरडतो तो नर, काळाभोर, मादी तपकिरी ठिपक्यांची, आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात. धाकट्याला हे अजिबात पटलेलं नाही. "मग त्याचे आई-बाबा काय करतात?" राणीच्या बागेत गेलो तेव्हा मात्र त्याचं समाधान झालं, तिथले हम्बोल्ट पेंग्विन, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणलेले, त्यांच्यात अंडं उबवायला आई आणि बाबा आळीपाळीने बसतात. तेवढं ऐकून तो काचेपुढून हलेना. (जाणार असाल तर बुधवारी बाग बंद असते, आणि सकाळी लवकर जा, अकरानंतर पोरांचे हाल होतात.)

आता पुढच्या आठवड्यात गावी. तुतारी एक्सप्रेसची तिकिटं मिळाली आहेत, रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठच्या ठोक्याला नवरा आणि मी दोघं दोन फोन घेऊन बसलो होतो. गाडी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते म्हणजे धाकटा स्टेशनवरच झोपणार, त्याला उचलायचं बाबांनी, बॅगा थोरला आणि मी. आजोबा एकटेच असतात तिथे, तर थोरल्याने ठरवलंय की पहिल्या दिवशीचं पन्हं तो करणार, कैऱ्या मागच्या परड्यातल्या, गूळ आजोबांनी आणून ठेवायचा. काल रात्री त्याने फोन करून सांगितलं पण, "आजोबा, एका वाटीला दोन वाट्या लागतो, कमी आणू नका, आणि सोलाणं मी घरून आणतोय."