सोलापूरच्या गच्चीवर पोर्तुगीज खलाशांचा अक्षांश

वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोचला, हे शाळेतच पाठ होतं. चारी बाजूंना पाणी असताना आपण कुठे आहोत हे त्या काळचे खलाशी कसं काढत, हा प्रश्न मात्र पाठांतराने सुटत नाही. त्यातला अक्षांशाचा भाग सोलापुरात गच्चीवर करून बघता येतो. एक मीटरची सरळ काठी, ओळंबा, खडू आणि घड्याळ एवढंच लागतं.

आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला उतरताना पोर्तुगीजांचा भरवसा ध्रुवताऱ्यावर होता. तारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका आपला अक्षांश. सोलापुरातून तो १७ अंश ४० कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास दिसतो. आज तो खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत आहे, पण १५०० च्या सुमारास हे अंतर साडेतीन अंश होतं. त्यामुळे ध्रुवमत्स्यातले दुसरे तारे कोणत्या बाजूला आहेत ते बघून बेरीज-वजाबाकी करावी लागे. शिवाय विषुववृत्ताजवळ हा तारा क्षितिजालाच टेकतो आणि पुढे दिसेनासा होतो. १४७० नंतरच्या दशकात पोर्तुगीजांनी विषुववृत्त ओलांडलं आणि तारा गेला. उरला सूर्य.

सूर्याची अडचण अशी की त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, रोज बदलतं. त्यासाठी कोष्टक हवं. अब्राहम झाकुतो या ज्यू ज्योतिर्विदाची कोष्टकं १४९६ मध्ये पोर्तुगालमधल्या लैरिया गावी छापली गेली. दाते पंचांग ज्या गावातून निघतं तिथल्या वाचकाला सूर्याच्या रोजच्या कोष्टकाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता काठी. सपाट जागी उभी करा आणि ओळंबा दोन बाजूंनी लावून बघा. एकाच बाजूने बघितलं तर काठी हमखास कललेली राहते. सोलापूरचं रेखांश ७५.९, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं. फरक ६.६ अंश आणि अंशाला ४ मिनिटं, म्हणून इथली खरी माध्यान्ह सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांनी होते. गड्ड्याच्या दिवसांत, संक्रांतीला, त्यात आणखी नऊ मिनिटं मिळवा. सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली घ्यायची. संक्रांतीला ती ८१ सेंटीमीटरच्या जवळपास भरते. सावली भागिले काठी म्हणजे ०.८१; ज्या कोनाचा टॅन्जंट (tan) ०.८१ तो ३९ अंश, म्हणजे सूर्य डोक्यापासून ३९ अंश खाली आहे असं निघतं. त्यातून दक्षिण क्रांती २१.३ वजा केली की १७.७. झाला सोलापूरचा अक्षांश.

चुकतं ते सावलीच्या टोकाशी. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळे टोक दीडेक सेंटीमीटर पुसट पडतं. त्या पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा. सावली मोजताना एका सेंटीमीटरची चूक झाली तर जमिनीवर अडतीस-एक किलोमीटरचा फरक पडतो. हे पक्क्या गच्चीवर. डोलत्या जहाजावर काय होत असेल? म्हणूनच नोव्हेंबर १४९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सेंट हेलेना उपसागरात नांगर टाकल्यावर गामाच्या लोकांनी लाकडी यंत्रराज (अ‍ॅस्ट्रोलेब, सूर्य-ताऱ्यांची उंची अंशांत मोजायची तबकडी) किनाऱ्यावर नेऊन, तिथे उभा करून सूर्य मोजला. जहाजावर वापरायचे यंत्रराज पितळी, लहान आणि जड असत. वाऱ्याने हलू नयेत म्हणून पुढे त्यांची तबकडी मधून कोरलेली असे. ओमानजवळ १५०३ मध्ये बुडालेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत सापडलेल्या यंत्रराजाचा व्यास साडेसतरा सेंटीमीटर आहे.

दुसरी चूक डोक्यातली. सोलापूर उष्ण कटिबंधात असल्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती जेमतेम १० सेंटीमीटर. तेव्हा हिशोब उलटतो: क्रांती २३.४, त्यातून डोक्यापासूनचं अंतर ५.८ वजा. उत्तर क्रांती असून सावली उत्तरेला असेल तर दोन्हींची बेरीज. पोर्तुगीज नियमपुस्तकांत या स्थिती वेगवेगळ्या लिहिलेल्या असत. भलती स्थिती निवडली की उत्तर कुठल्या कुठे जाई.

ताऱ्यानेही माणूस फसतो. नोव्हेंबर १४९२ मध्ये क्युबाच्या किनाऱ्यावर कोलंबसने ४२ अंश नोंदवले. खरा अक्षांश २१ च्या आसपास! बरोबर दुपटीने चूक म्हटल्यावर त्याने भलती मोजपट्टी वाचली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

पूर्व आफ्रिकेतल्या मलिंदी बंदरापासून कालिकतचा शेवटचा टप्पा मात्र गामाने स्थानिक वाटाड्याच्या आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या भरवशावर तेवीसेक दिवसांत कापला. परतताना वारा न जुमानता निघाला तेव्हा तेवढ्याच पाण्याला जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्ही या रोगाने इतकी माणसं गेली की ‘साओ राफाएल’ चालवायला हात उरले नाहीत. ते जहाज जाळून टाकावं लागलं.

अरबी समुद्रातल्या खलाशांचं साधन होतं कमाल: लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी. फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ताऱ्यावर, दोरी दातात. डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर सोलापूरसाठी १९ सेंटीमीटर उंचीचा पुठ्ठा लागेल, कालिकतसाठी १२. शहरात क्षितिज दिसत नाही, म्हणून इथे कोनमापकाला ओळंबा बांधलेला बरा.

रेखांशाला असा सोपा उपाय नव्हता; जहाजावर वेळ राखणारं घड्याळ अठराव्या शतकात आलं. तोवर रीत एकच: हव्या अक्षांशावर यायचं आणि मग त्याच रेषेवरून किनारा लागेपर्यंत सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचं. सोलापूरची रेषा पश्चिमेला नेली तर दाभोळच्या जरा उत्तरेला, नऊ-दहा किलोमीटरवर, समुद्राला मिळते. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने जाळलं ते हेच दाभोळ.

शून्य सावली, म्हणजे माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होणं, बघायची असेल तर मेचा दुसरा आठवडा धरा, काठी साडेबाराच्या आधीच उभी करून ठेवा. ऑगस्टमध्येही ती येते, पण तेव्हा ढग बघावे लागतात.